पंखाच्या कुठल्या कोपऱ्याला कान लावायचा?

विमानात खिडकीजवळची सीट मिळते आणि ती नेमकी पंखाच्या वर असते. आपण नाक मुरडतो. ढगांचा फोटो काढावा तर अर्ध्या फ्रेममध्ये पंखच! मग कधीतरी हवा खराब होते, सीटबेल्टचा दिवा लागतो आणि तुमची नजर त्याच पंखावर खिळते. तो चक्क वरखाली हलत असतो. टोक तर असं डुलत असतं, की पोटात गोळा येतो. शेजारचे काका मात्र निवांत घोरत असतात.

काकांचं बरोबर आहे. पंख वाकतो, कारण तो वाकावा म्हणूनच तसा बनवलेला असतो. बोइंगच्या ७८७ विमानाचे पंख २०१० मध्ये जमिनीवरच्या चाचणीत सुमारे २५ फूट वर वाकवले होते. दोन मजल्यांपेक्षा जास्त! ते मोडले नाहीत. तेव्हा खराब हवेत पंख डुलताना दिसला, तर तुम्हीही खुशाल झोपा.

ज्या हालचालीने एरोनॉटिकल इंजिनीअरची झोप उडते, ती वेगळीच आहे. ती तुम्हाला खिडकीतून दिसणार नाही, दिसू नये यासाठी शंभर वर्षं माणसं राबली आहेत. तिचं नाव फ्लटर. मराठीत फडफड म्हणता येईल, पण फडफड म्हटलं की झेंडा किंवा कबुतर आठवतं. हा प्रकार त्यापेक्षा कितीतरी खुनशी आहे.

आधी घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग. कागदाची लांब पट्टी कापा, एक टोक घट्ट धरा आणि टेबल फॅनसमोर न्या. फॅन एक नंबरवर असेल तर पट्टी थोडी थरथरेल, कदाचित सरळही राहील. वेग वाढवा. एका क्षणी ती अचानक जोरजोरात फडफडायला लागेल, आवाजासकट. आता विचार करा, फॅनचा वारा काही तालात येत नव्हता. तो सलग येत होता. मग हा ताल आणला कुणी? पट्टीनेच.

ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण बारावीच्या फिजिक्समुळे आपल्या डोक्यात इथे एक घोळ बसलेला असतो. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी ताशी साधारण ६७ किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला. त्याचा व्हिडिओ दाखवून ‘रेझोनन्सचं उदाहरण’ असं सांगितलं जातं. पण रेझोनन्समध्ये बाहेरून कुणीतरी ठरावीक तालात धक्के द्यावे लागतात. त्या दिवशी वारा असे धक्के देत नव्हता. पूल हलला, हलल्यामुळे त्याच्यावरचा वाऱ्याचा जोर बदलला आणि त्या बदललेल्या जोराने पूल आणखी हलला. स्वतःचा झोका स्वतःच वाढवत नेणारा हा प्रकार फ्लटरच्या घराण्यातला आहे.

विमानाच्या पंखात हे कसं घडतं? पंख दोन तऱ्हांनी हलतो. एक म्हणजे वरखाली वाकतो. दुसरी तऱ्हा म्हणजे पिळवटतो, त्याची पुढची कड वर जाते आणि मागची खाली, मग उलट. दोन्ही हालचालींचा आपापला ताल असतो. कमी वेगात हवाच त्यांना शांत करते. पाण्यात हात फिरवताना जसा अडसर जाणवतो, तसंच. पण वेग वाढत जातो तसे हे दोन ताल एकमेकांच्या जवळ सरकायला लागतात. ते जुळले, की गडबड सुरू होते. पंख वर जात असताना त्याचं नाकही नेमकं वर वळलेलं असतं, म्हणून हवा त्याला आणखी वर ढकलते. खाली येताना नाक खाली, म्हणून हवा आणखी खाली ढकलते. झोक्यावर बसलेल्या पोराला मागून बरोबर वेळ साधून ढकलत राहावं, तसं. फरक इतकाच, की इथे ढकलणारा कधी थकत नाही. समोरून येणाऱ्या सगळ्या हवेची ताकद त्याच्यामागे असते.

ज्या वेगाला हे सुरू होतं, त्याला फ्लटर स्पीड म्हणतात. त्याच्या अलीकडे कंपनं आपोआप विरतात, पलीकडे ती वाढत जातात. वाढायला कधी काही सेकंद लागतात, कधी तेवढाही वेळ मिळत नाही.

याची किंमत माणसांनी मोजली आहे. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, ब्रिटनच्या हँडली पेज बॉम्बरची शेपटी हवेत भयानक थरथरायची. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी शोधून काढलं, की शेपटीवरच्या डाव्या आणि उजव्या हलत्या पट्ट्या एकमेकींना नीट जोडलेल्याच नाहीत, त्यामुळे दोघी उलटसुलट नाचतात. त्या एका ताठ नळीने जोडल्या आणि दुखणं गेलं. पुढे १९५९-६० मध्ये लॉकहीडच्या इलेक्ट्रा या प्रवासी विमानाचं प्रकरण झालं. २९ सप्टेंबर १९५९ ला टेक्सासमध्ये ३४ जण गेले, १७ मार्च १९६० ला इंडियानामध्ये ६३. दोन्ही वेळा विमानाचा पंख हवेतच तुटला होता. तपासात कळलं, की इंजिनाचा आधार ढिला पडला तर फिरणारा प्रोपेलर भोवऱ्यासारखा डोलायला लागतो आणि ते डोलणं पंखाच्या तालाशी जुळतं. मग इंजिनाचे आधार मजबूत केले गेले.

ही झाली जुनी औषधं. भाग ताठ करा, जोडणी पक्की करा, हलत्या पट्टीच्या बिजागरीपुढे वजन बसवून तिचा तोल साधा. हे शेवटचं औषध इतकं नाजूक आहे, की अशा पट्टीला नुसता नवा रंग दिला तरी तिचा तोल पुन्हा तपासावा लागतो. रंगाच्या एका थराचं वजन ते काय! पण बिजागरीच्या मागे तेवढंही चालत नाही. आणि अमेरिकेचा प्रवासी विमानांसाठीचा नियम सांगतो, की डाइव्ह करताना विमान जास्तीत जास्त ज्या वेगाला जाईल असं डिझाइनमध्ये धरलेलं असतं, त्याच्याही वर १५ टक्क्यांपर्यंत फ्लटर होता कामा नये.

मग प्रश्न सुटला की! नाही सुटला. कारण ताठपणा फुकट मिळत नाही, तो वजन मागतो. पंखात घातलेला प्रत्येक जादा किलो ते विमान आयुष्यभर प्रत्येक उड्डाणात वाहून नेतं आणि त्यासाठी इंधन जाळतं. उलट पंख जितका लांब आणि निमुळता, तितकं हवेचं ओढणं कमी आणि इंधनाची बचत जास्त. घार, गरुड आकाशात पंख न हलवता तासन् तास घिरट्या घालतात, पण त्यांच्याहून लांब-निमुळते पंख असतात समुद्रावरच्या अल्बट्रॉसचे. विमानांनाही तसेच पंख हवे आहेत. पण लांब, निमुळता आणि हलका पंख म्हणजे फ्लटरला आवतणच.

म्हणून एक वेगळी कल्पना पुढे आली. पंख ताठ करण्याऐवजी त्याच्यावर सेन्सर बसवायचे. कंपन सुरू होतंय असं कळलं, की कॉम्प्युटरने एलेरॉनसारख्या हलत्या पट्ट्या झटपट हलवून ते मारून टाकायचं. ऐकायला सोपं वाटतं. सेन्सर आहे, कॉम्प्युटर आहे, मोटर आहे. आपल्या कॉलेजच्या टेक फेस्टमध्ये निम्मे प्रोजेक्ट याच तीन गोष्टींचे असतात. खरी गंमत पुढच्या प्रश्नात आहे. सेन्सर लावायचा कुठे? आणि पट्टी हलवायची कुठली?

तुमच्यात कुणी गिटार वाजवत असेल तर त्याला हे लगेच कळेल. बाराव्या फ्रेटवर तारेला बोट नुसतं टेकवून छेडलं, की वरच्या सप्तकातला घंटेसारखा सूर येतो. कारण तार दोन भागांत हलत असताना तिचा मधला बिंदू स्थिर असतो. बोट तिथे असलं तरी त्या हालचालीला अडत नाही. आता बोटाच्या जागी सेन्सर आहे असं समजा. तार जोरात वाजतेय आणि सेन्सर म्हणतोय, “काही नाही, सगळं शांत आहे.” सेन्सर बिघडलेला नाही. तो चुकीच्या जागी बसलाय, बस्स.

पंखावरही अशा शांत जागा असतात. वाकण्याच्या वरच्या तालात पंखाच्या लांबीवर कुठेतरी एक रेषा जवळजवळ हलतच नाही. पिळवटताना पंख ज्या रेषेभोवती फिरतो, ती रेषासुद्धा वरखाली होत नाही. त्या रेषेवर सेन्सर लावला तर त्याला वाकणं ऐकू येईल, पीळ अजिबात ऐकू येणार नाही. आणि फ्लटर तर या दोघांच्या संगनमताने होतो. एका आरोपीला बघून दुसऱ्याचा पत्ता कसा लागणार? वाईट म्हणजे वेग बदलला, इंधन जळून टाक्या रिकाम्या झाल्या, की या शांत रेषा सरकतात. सकाळी चांगली असलेली जागा दुपारी बहिरी होऊ शकते.

यावरचा एक सुंदर उपाय नासाच्या लँगली केंद्रात १९९० च्या दशकात विंड टनेलमधल्या एका छोट्या पंखावर दिसतो. ‘बॅक्ट’ नावाचा हा प्रयोग. पंख अगदी साधा, आयताकृती, साधारण ४० सेंटीमीटर रुंद आणि ८० सेंटीमीटर लांब. तो वरखाली होऊ शकेल आणि फिरू शकेल अशा आधारावर बसवला होता. त्याच्या चार कोपऱ्यांना चार अ‍ॅक्सिलरोमीटर. म्हणजे तुमच्या मोबाइलची स्क्रीन आडवी-उभी करतो ना, त्याच जातीचा सेन्सर. आता चार कोपरेच का? पुढच्या आणि मागच्या कोपऱ्यांच्या आकड्यांची बेरीज केली, की पंख एकूण किती वरखाली होतोय ते कळतं. वजाबाकी केली, की तो किती पिळवटतोय ते कळतं. बेरीज आणि वजाबाकी! दोन्ही आरोपी वेगवेगळे पकडले गेले. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात अकलेचं काम सेन्सरच्या किमतीने नाही, त्याच्या जागेने केलंय.

आता दुसरी बाजू, पट्टी कुठली हलवायची? पहिला विचार येतो, की टोकाजवळची. टोक सगळ्यात जास्त हलतं, म्हणजे तिथे दिलेला छोटा धक्काही भारी पडेल. बरोबर. पण टोकाशी पंख सगळ्यात पातळ असतो. पट्टी हलवणारी मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्र तिथे मावायला हवं, आणि त्याचं वजन पंखाचा ताल बदलणार. वर आणखी एक खोडी आहे. पंख लवचीक असेल आणि वेग जास्त असेल, तर एलेरॉन खाली वळवल्यावर हवेच्या दाबाने पंखच उलट पिळवटतो. मग जी बाजू उचलायची तीच खाली जाते. बोइंगच्या बी-४७ बॉम्बरला हा त्रास होता. चालक एका बाजूला वळवतोय आणि विमान त्याचं ऐकत नाही, शिखर गाठलं की उलट वागतंय. हँडल उजवीकडे वळवल्यावर बाइक डावीकडे गेली तर काय होईल?

इस्रायलमधल्या टेक्निऑनचे एली निसिम यांनी १९७१ मध्ये हा प्रश्न उर्जेच्या भाषेत मांडला. पंख प्रत्येक झोक्याला हवेतून ऊर्जा चोरतो म्हणून फ्लटर होतो, मग अशी व्यवस्था करा की कुठल्याही झोक्याला पंखाच्या हाती काही लागणारच नाही. त्यांचं म्हणणं होतं, की मागच्या कडेच्या पट्टीला पुढच्या कडेच्या पट्टीची जोड दिली तर हे जास्त खात्रीने जमतं. पुढच्या कडेची हलती पट्टी बनवणं कटकटीचं असतं, त्यामुळे सगळ्यांनी ते उचललं नाही. पण ‘कंपन थांबवा’ऐवजी ‘ऊर्जेचा रस्ता बंद करा’ असा विचार करण्याची सवय तिथून लागली.

सेन्सर आणि पट्टी यांच्यातलं अंतरही महत्त्वाचं. झोक्यावरच्या पोराला तुम्ही स्वतः बघून थांबवत असाल तर हात बरोबर वेळेला पुढे येतो. पण तुमचे डोळे बांधले आहेत आणि अंगणाच्या पलीकडून मित्र “आला, आला... गेला!” असं ओरडून सांगतोय असं समजा. आवाज पोचेपर्यंत झोका पुढे गेलेला. आकड्यात बघू. समजा पंख सेकंदाला १० वेळा हलतोय. म्हणजे एक झोका १०० मिलिसेकंदांचा. त्याच्या वेगाच्या उलट ढकललं तर ब्रेक लागतो. तेच ढकलणं २५ मिलिसेकंद उशिरा आलं तर ब्रेक लागतच नाही, पंख थोडा ताठ किंवा ढिला झाल्यासारखा वागतो, एवढंच. ५० मिलिसेकंद उशिरा आलं तर तुम्ही चक्क झोका वाढवताय! रोग आणि औषध यांच्यात अंतर किती? डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी.

आणि उशीर कुठून कुठून येतो बघा. सेन्सरला इंजिनाची घरघर पण ऐकू येते, ती गाळायला फिल्टर लावा, फिल्टर थोडा वेळ खातो. कॉम्प्युटर हिशेब करतो, तो थोडा वेळ खातो. पट्टी जागची हलायला थोडा वेळ घेते. पट्टी ठरावीक कोनापलीकडे वळत नाही आणि ठरावीक वेगापेक्षा जोरात हलत नाही, हे वेगळंच. म्हणजे फ्लटर एकदा अंगात आला, की पट्टी पूर्ण वळूनही कमी पडते. पंखाची कुजबुज ऐकू यायला हवी, त्याने आरडाओरडा सुरू केल्यावर उपयोग नाही. सेन्सरच्या जागेवर एवढा काथ्याकूट चालतो तो यासाठी.

हे प्रत्यक्षात कुणी करून दाखवलं का? हो, आणि तेही एका अवाढव्य विमानावर. अमेरिकेच्या हवाई दलाचं एक बी-५२ बोइंगने प्रयोगासाठी तयार केलं. फ्लटर मुद्दाम आवाक्यात यावा म्हणून त्याच्या पंखांखालच्या इंधन टाक्यांमध्ये जादा वजन टाकलं. पंखांवर सेन्सर बसवले, जादा हलत्या पट्ट्या लावल्या. २ ऑगस्ट १९७३ रोजी हे विमान त्याच्या फ्लटर स्पीडच्याही १० नॉट, म्हणजे ताशी साधारण साडेअठरा किलोमीटर, पुढे उडालं. आत माणसं बसलेली होती. यंत्रणा बंद असती तर कंपनं वाढत गेली असती, असा तो वेग. तिथे ते निवांत उडत होतं.

सात वर्षांनी दुसरी बाजू दिसली. नासाच्या ‘डास्ट’ या प्रकल्पात फायरबी नावाच्या विनाचालक विमानाला मुद्दाम असा पंख लावला होता, की त्याला उड्डाणात फ्लटर यावाच आणि यंत्रणेने तो दाबावा. विमान बी-५२ च्या पंखाखालून सोडायचे आणि जमिनीवरून चालवायचे. माणसाचा जीव धोक्यात नाही, म्हणून धाडस करता येत होतं. १२ जून १९८० च्या उड्डाणात पंख फडफडला आणि काही क्षणांत मोडला, विमान कोसळलं. सिद्धान्त चुकला होता? नाही. सेन्सर, पट्ट्या सगळं जागेवर होतं. यंत्रणा बसवताना एक चूक झाली होती. पट्टीने किती जोराने उत्तर द्यायचं हे ठरवणारा आकडा, म्हणजे गेन, हवा होता त्याच्या निम्माच बसला होता. कान ठीक, हात ठीक, फक्त हातात निम्मी ताकद. त्यामुळे फ्लटर अपेक्षेपेक्षा कमी वेगातच आला.

प्रोजेक्टच्या आदल्या रात्री कोडमध्ये ‘भागिले दोन’ विसरलेल्या किंवा जास्तीचं घातलेल्या प्रत्येकाने ही तारीख लिहून ठेवावी. मी ठेवलीय.

अलीकडची गोष्ट एक्स-५६ए ची. लॉकहीडच्या स्कंक वर्क्समध्ये बनलेलं, साधारण साडेआठ मीटर पंखविस्ताराचं हे विनाचालक विमान २०१३ मध्ये पहिल्यांदा उडालं, तेव्हा ताठ पंख लावून. २०१५ मध्ये लवचीक पंख लावले आणि त्या पंखांच्या पहिल्याच उड्डाणात ते उडाल्याउडाल्या कोसळलं. नासाने दुसरं विमान घेऊन काम पुढे नेलं आणि लवचीक पंखांचा फ्लटर दाबून दाखवला. नासाच्याच आर्मस्ट्राँग केंद्राने आणखी एक तंत्र विकसित केलंय. केसासारखी बारीक ऑप्टिकल फायबर पंखावर चिकटवायची आणि तिच्या लांबीवर हजारो ठिकाणी पंखाचा ताण मोजायचा. म्हणजे ‘कुठे कान लावू’ या प्रश्नाला ‘सगळीकडे लाव’ असं उत्तर! पण थांबा. हजारो आकडे आले तरी त्यातून पंखाचा आकार काढायला वेळ लागतोच, आणि मघाशी आपण मिलिसेकंदांचा हिशेब केलाय. तेव्हा चार कोपऱ्यांचे चार सेन्सर लगेच रिटायर होणार नाहीत, असं मला वाटतं.

आणि प्रवासी विमानात? बोइंग ७४७-८ मध्ये पंखांच्या बाहेरच्या बाजूचे एलेरॉन वापरून एक विशिष्ट कंपन दाबणारी यंत्रणा आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने तिच्यासाठी खास अटी घातल्या. नियामक इतके सावध का, हे समजण्यासारखं आहे. विमान यंत्रणेच्या भरवशावर फ्लटर स्पीडच्या पलीकडे उडत असेल, तर एक वायर तुटली, एक सेन्सर मेला, तर काय? हलती पट्टी स्वतःच ढिली झाली तर? १९९७ मध्ये अमेरिकेत मेरीलँडच्या एअर शोमध्ये एफ-११७ हे स्टेल्थ विमान हजारो लोकांसमोर तुटलं. त्याच्या पंखावरच्या हलत्या पट्टीच्या आधाराचे पाचपैकी चार फासनर बसवलेलेच नव्हते. पट्टी फडफडली आणि पंखाचा तुकडा घेऊन गेली. चालक इजेक्ट होऊन वाचला. जी पट्टी फ्लटर मारायला वापरायची, तीच तो सुरूही करू शकते.

‘कॉम्प्युटर चालू आहे म्हणून विमान उडतंय’ ही कल्पना आपल्याला परकी नाही म्हणा. आपलं तेजस मुळातच अस्थिर ठेवलेलं आहे, म्हणजे चपळ व्हावं. त्याला कॉम्प्युटर सावरतो, आणि त्यासाठी एक नाही, चार समांतर वाहिन्या आहेत. एक चुकली तर बाकीच्या तिला गप्प करतात. फ्लटर दाबणाऱ्या यंत्रणेलाही असंच करावं लागेल. अडचण अशी, की तेजसचा तोल सावरण्यापेक्षा फ्लटरचा ताल बराच जलद असतो, आणि चौघांनी मत द्यायलाही वेळ लागतो.

तुमच्यापैकी कुणाला यात काम करायचं असेल तर एक गोष्ट सांगून ठेवते. हा विषय कुठल्याच एका डिपार्टमेंटचा नाही. मेकॅनिकलवाल्याला वाटतं, पंखाचं गणित केलं की झालं. एरोवाल्याला वाटतं, हवेचं गणित खरं. इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणतो, तुम्ही फक्त सिग्नल द्या, बाकी मी बघतो. आणि फ्लटर तिघांच्या मधल्या फटीत राहतो. आयआयटी मुंबईत एरोस्पेसचा विभाग आहे, बेंगळुरूच्या एनएएलमध्ये विमानांच्या कंपनांच्या चाचण्या होतात. पण सुरुवात त्याच्याही खूप आधी, कॉलेजच्या मैदानावर होऊ शकते.

आमची तशीच झाली. आमच्या ग्रुपने थर्माकोल आणि लाकडी पट्ट्यांचं रिमोटवरचं विमान बनवलं होतं. डाइव्ह मारली, की ‘फर्रर्र’ असा आवाज यायचा. कुणी म्हणालं मोटर, कुणी म्हणालं प्रोपेलर. आम्ही दोनशे-तीनशे रुपयांचा सेन्सर आणला आणि विमानाच्या बरोबर मध्यावर, बॅटरीशेजारी चिकटवला. कारण वायर आखूड होती. उतरल्यावर डेटा बघितला, तर जवळजवळ सरळ रेषा. मग मोटरलाच दोष दिला आणि ती बदलली. आवाज तसाच.

शेवटी एका मैत्रिणीने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं. डावा पंख वर जायचा तेव्हा उजवा खाली, आणि मधला भाग, जिथे आमचा सेन्सर ऐटीत बसला होता, तो वरखाली हलतच नव्हता. एलेरॉनच्या जोडणीला नखभर ढिलेपणा होता, तो तारेला एक वळण देऊन गेला. सेन्सर आम्ही फेकला नाही. लांब वायर आणली, आणखी तीन घेतले, आणि दोन्ही पंखांच्या टोकांना एकेक पुढच्या कडेला, एकेक मागच्या कडेला चिकटवले. वायरचं वजन वाढल्यामुळे विमान आता थोडं नाक वर करून उडतं. बॅटरी किती पुढे सरकवायची यावर येत्या रविवारी भांडण आहे.